पन्ह्याचा हंडा आणि बंधुसंघ

वऱ्हाडातल्या कॅथलिक बंधुसंघाच्या इतिहासात आमच्या नांदुऱ्याच्या शाखेचा उल्लेख कुठेच नाही. तो का नाही, हे फक्त मला माहीत आहे.

संघ म्हणजे आमच्या इवल्याशा चर्चमधले झाडून सगळे पुरुष. सणाला गळ्यात लाल पट्टा आणि कुणी गेलं की खांदा, एवढंच काम. बाबा प्रमुख. नागपूरहून एक गोरे फादर शाखा तपासायला येणार होते. पसंत पडली तर राहील, नाहीतर अकोल्याच्या शाखेत जाईल. "म्हंजे उद्या आपल्यातलं कोणी मेलं तं खांदेकरी रेल्वेनं येतीन," असं म्हणून बाबा रात्ररात्र कूस बदलत.

संघाचा नियम एकच, पण कडक. सणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या उपासनेत, सगळ्या बंधूंनी एका रांगेत जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. आणि प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. मिस्सा सकाळी सातची, म्हणून कुणाला काळजी नव्हती. पण मिस्सा चालवणार होते तेच फादर, आणि त्यांची गाडी शेगावपाशी अडकली. महिना मे.

मिस्सेनंतर प्यायला आईने हंडाभर पन्हं केलं होतं. राखणीला मला बसवलं. "ही बोलत नाही, हिच्यापाशी कोणी रेंगाळणार नाही." (नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्रजीत गप्प राहायला शिकले होते. मराठीत मुळातच येत होतं.)

थोड्या वेळाने लाझरसकाका डोकावले. वडनेर भोलजीहून पायी आलेले.

"पोरी, डोयापुढं अंधारी येऊन राह्यली. एक घोट दे. रांगेत बाकीचे हायेत ना, माह्या एकट्यानं काय बिघडते?"

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी पेला भरला.

"कोणाले सांगजो नोको."

मी मान हलवली.

मग थॉमस मास्तर आले. "चक्कर येऊन पडलो तं शाळेतली पोरं वर्षभर हासतीन. बाकीचे हायेतच रांगेत." मग पास्कल सुतार. "लाझरसकाका काऊन मिशा पुसून राह्यले?" मी खांदे उडवले. "घाम असन," त्याने आपणच ठरवलं आणि पेला पुढे केला. मग लाझरसकाका पुन्हा. ("उपास मोडलाच हाय तं दुसरा पेला दे.") एकेक करून सगळा बंधुसंघ येऊन गेला, आणि प्रत्येकाने मला शपथ घातली.

शेवटी बाबा.

"गाडी आली. फादरांपुढं इंग्रजी बोलायचं हाय अन् घसा पार वाळला. अर्धाच दे. एक मी नसलो तरी रांग भरेल दिसन. आईले सांगू नोको."

हंड्याचा तळ दिसत होता. 'बाबा, रांगच उरली नाही,' हे वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार झालं. त्याचं मराठी होईपर्यंत पेला रिकामा आणि बाबा स्टेशनावर! तिथे त्यांनी फादरांना छाती पुढे काढून सांगितलं, की एकूण एक माणूस उपाशी आहे.

मिस्सेत प्रसादाची घंटा झाली. कुणी उठेना. जो तो दुसऱ्याची वाट पाहत होता.

"ऊठ ना बे," लाझरसकाका कुजबुजले.

"तुमी मोठे. आंधी तुमी," पास्कल म्हणाला.

पहिल्या बाकावरून बाबांनी मागे वळून पाहिलं. लाल पट्ट्यांची अख्खी ओळ माना खाली घालून बसली होती. बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

"कोणीतरी जा," आईने मला ढकललं. (तिने गूळ बेताचा आहे का ते पाहायला पन्हं चाखलं होतं.) पुरुषांच्या संघाच्या सणाला भर चर्चमधून प्रसाद घ्यायला मी एकटी गेले.

नंतर फादरांनी मला ओसरीवर बोलावलं. उपास मोडला असेल तर प्रसाद नाही आणि महापाप केलं असेल तरी नाही. तिसरं कारण त्यांना माहीत नव्हतं.

"तुझे वडील म्हणतात, सगळे उपाशी आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "मग हे सगळेच्या सगळे महापापी आहेत का?"

लांब लिंबाखाली बंधू उभे होते. प्रत्येकजण माझ्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवत होता. बाबासुद्धा.

"येस, फादर," मी म्हणाले.

शाखा अकोल्याला गेली. बाबा खचले, पण पाहुण्यांपुढे अजूनही मला उभं करतात. "अख्ख्या नांदुऱ्यात गोऱ्या फादराशी न अडखळता इंग्रजी बोलली तं आमची पोरगी."