पांढरी एक म्हणजे एकोणीसशे बासष्ट फेरे

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी संगीत शिकवणाऱ्या बाई मला हळूच म्हणायच्या, "तुम्ही आपले नुसते ओठ हलवा." मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि एकतीस वर्षं ओठ हलवले. नवरा मात्र गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत झाली ते जेवता जेवता सांगणारा माणूस. आमचं लग्न जुळवताना बाकी सगळं पाहिलं होतं, हे तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमची आंब्या-काजूच्या कलमांची नर्सरी आहे, रत्नागिरीहून लांज्याकडे जाताना आतल्या बाजूला. घर खाली ओढ्याच्या, म्हणजे आमच्या वहाळाच्या काठी आणि डांबरी रस्ता वर सड्यावर, कातळाच्या माळावर. मधली अर्धा किलोमीटरची चढण, तिला आम्ही घाटी म्हणतो. कलमं वर न्यायला एक पिकअप आहे, डिझेलची, अठरा वर्षांची. ती नवऱ्याने चालवायची आणि मी शेजारी बसून पिशव्या सांभाळायच्या, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच दाबणं कायमचं बंद. त्याने ते फार शांतपणे ऐकून घेतलं. मला ती शांतता तेव्हाच आवडली नव्हती. घाटी चढून वर जायचं तर काठी टेकत, चार ठिकाणी थांबत अर्धा तास लागायचा, मोटारसायकलवर मागे बसायला गुडघा मुडपत नव्हता आणि रिक्षावाले घाटी उतरायला तयार नव्हते. आधी त्याचा बाजार सुटला, मग भजन सुटलं. तीन महिन्यांत पेटी कपाटावर गेली. कुठेही जायचं नाव काढलं की म्हणायचा, "तू जा, मी हयसर बरा आहे."

मग एके सकाळी स्वयंपाकघरातून मी त्याला फोनवर बोलताना ऐकलं. लांज्याच्या एका गाडी घेणाऱ्याला तो सांगत होता, पिकअप विकायची आहे, बघून जा. दोन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. मला राग आला, पण रागाहून जास्त भीती वाटली. गाडी गेली की हा माणूस घाटीच्या खालीच राहणार, आणि हळूहळू त्याला तेच बरं वाटायला लागणार. ते मला बघवलं नसतं.

"गाडी विकायची नाही," मी बाहेर येऊन म्हटलं. "मी चालवीन."

"तू?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"लायसन्स काय घाटी चढतंय?" तो म्हणाला. पण पुढे म्हणाला, "ठीक. रविवारपर्यंत भरलेली गाडी एकटीने वर काढलीस तर त्याला परत पाठवतो."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. तो शेजारच्या सीटवर पाय लांब करून बसला. सपाटीवर माझं बरं चाललं, पण घाटीच्या पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. तिथे चढ जरा सैल होतो, तिथेच पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जायचं असतं. पहिल्यातच रेटत नेली तर वर पोचेपर्यंत रेडिएटरचं पाणी उकळतं.

"गाडी सांगते तेव्हा बदलायचा," तो म्हणाला.

"कशी सांगते?"

"ऐक गो. आधी कुरकुरते, मग मोकळी होते, मग गायला लागते. गायला लागली की बदल."

मला तिन्ही आवाज मिक्सरसारखे ऐकू येत होते. मी सतरा वेळा गाडी बंद पाडली. मोजलं म्हणून सांगते. अठराव्या वेळी हँडब्रेक खेचून त्याला म्हटलं, "गायला लागते म्हणजे मिनिटाला किती फेरे?"

"मला काय माहीत?"

"मग मला आकडा दाखवणारं काहीतरी बसवा. मला तुमचं हे गाणंबिणं कळत नाही."

तो इतका हसला की गुडघ्याला कळ लागली. इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर असतं हे मला भाच्याच्या नव्या गाडीत बसल्यामुळे ठाऊक होतं. आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर वेग, डिझेल आणि पाण्याचं तापमान एवढंच होतं, त्यातला डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला. मी त्याच दिवशी फोनवरून एक आरपीएम मीटर मागवलं. निळा दिवा लागणारं, दिसायला देखणं. पाच दिवसांनी ते आलं आणि मी गाड्यांची वायरिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी आणि चहाला पक्का. त्याने मीटर उलटसुलट करून पाहिलं.

"वैनी, ह्यो पेट्रोल गाडीचा मीटर. ह्यो ठिणगीच्या कॉइलवरनं गती मोजतो. डिझेलला कॉइलच नाय, तर ह्यो मोजणार काय?"

एकतीस वर्षं मुलांना मी सांगत आले की आधी उदाहरण नीट वाचा, मग सोडवा. नवरा ओटीवर बसून मान खाली घालून हसत होता. मी त्याला पोह्यांवर खोबरं दिलं नाही.

इलेक्ट्रिशियन दोन दिवसांनी एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं मीटर घेऊन आला. त्याने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलून, साफ करून त्याच्या पोटातून एक वायर बाहेर काढली. इंजिन फिरेल तसे त्या वायरीतून ठोके येतात आणि मीटर ते ठोके मोजतं, असं त्याने मला समजावलं. हे मला लगेच पटलं. मोजण्याची गोष्ट होती. मीटरला मागचं झाकण नव्हतं, नुसती तबकडी आणि तिच्यामागे उघडे भाग. स्टीलची वाटी लावून पाहिली तर उथळ पडली. तेव्हा नवरा न सांगता उठला आणि नारळाची एक मोठी करवंटी घेऊन आला. दुपारभर ती काचेने खरवडली, तेल लावून चकचकीत केली, वायरीसाठी भोक पाडलं. मीटर तिच्यात घट्ट बसलं. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, डॅशबोर्डवर दोन स्क्रूंनी ती करवंटी बसली तेव्हा तिघेही पाऊल मागे घेऊन बघत राहिलो.

मी चावी फिरवली. काटा उडी मारून अकराशेवर गेला आणि थरथरत राहिला. उभ्या गाडीचे एवढे फेरे नसतात, इलेक्ट्रिशियन म्हणाला. अल्टरनेटरचं चाक टेम्पोला एका मापाचं, आपल्या गाडीला दुसऱ्या. मागे एक बारीक स्क्रू होता, तो फिरवला की काटा खालीवर होत होता.

"अंदाजाने लावून देतो."

"अंदाजानेच चालायचं असतं तर मीटर कशाला बसवलं?" मी म्हटलं. "खरा आकडा कळायचा कसा?"

ते मोजायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. रत्नागिरीत कुणाकडे तरी असेल, विचारतो म्हणाला. रविवार चार दिवसांवर आला होता. तो बॉनेटमध्ये हात घालून रेस वाढवून कमी करून बघत राहिला. माझं डोकं तापलं होतं. इतक्यात ओटीवरून नवरा कंटाळून ओरडला, "अरे कमी कर जरा. काळी एकवर गेलास."

मी वळले. "काय म्हणालात?"

"गाडी काळी एकवर गेली. खालच्या सप्तकातली."

"नक्की?"

हे विचारायला नको होतं. चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला मी विचारत होते, नक्की का. "कपाटावरची पेटी काढ," तो म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने काहीतरी मागितलं.

पेटीवरची धूळ मी पदरानेच पुसली. तो गाडीशेजारी खुर्ची टाकून बसला, पेटी मांडीवर. माझ्या फोनमध्ये कुठल्या पट्टीला सेकंदाला किती कंपनं हे मिळालं. इलेक्ट्रिशियनला विचारलं, चार सिलिंडर, एका फेऱ्याला इंजिन किती वेळा पेटतं? दोनदा, तो म्हणाला. मग राहिलं काय? मी सातवीच्या मुलांना याहून अवघड गणितं घातली आहेत. पेटीतली सगळ्यात खालची पांढरी एक म्हणजे सेकंदाला जवळजवळ एकशे एकतीस कंपनं. इंजिन त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे निम्मी, साडेपासष्टच्या जरा आत. गुणिले साठ, भागिले दोन. उत्तर आलं एकोणीसशे बासष्ट.

"पांढरी एक लावा," मी म्हटलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

त्याने भाता मारला. मी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत गेले. तो डावा हात भात्यावरून न काढता मानेने खूण करत होता, अजून, अजून, थांब, जरा मागे. मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. पण त्याचा चेहरा मला दिसत होता. कपाळावरची आठी गेली, डोळे मिटले आणि मान डोलली. "लागली!" तो ओरडला. इलेक्ट्रिशियनने स्क्रू फिरवत काटा दोन हजाराच्या किंचित अलीकडे आणून ठेवला.

"आता ताळा करायचा," मी म्हटलं. "दुसरी कुठलीही पट्टी घ्या."

"पंचम घेऊ." त्याने पांढरी पाच धरली. मी पाय दाबला, त्याची मान डोलली आणि मी काट्याकडे पाहिलं. तीन हजाराच्या जरा खाली. कागदावर मी आधीच लिहून ठेवलं होतं, दोन हजार नऊशे चाळीस.

मी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. "अहो, हे दीडपट आहे. तुमचा पंचम म्हणजे दीडपट!"

"मग? षड्जाला पंचम लागतो तो उगाच काय?"

पस्तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून भजनं ऐकली आणि मनात दुसऱ्या दिवसाचे पाठ घेत बसले. आज पहिल्यांदा मला सूर दिसला. मला इतका आनंद झाला की मी उगाचच हॉर्न दाबला. मग आम्ही सगळे सूर घेतले. इलेक्ट्रिशियनचा चहा गार झाला. नवरा एकेक पट्टी धरत होता आणि मी काटा त्या सुराच्या आकड्यावर नेऊन ठेवत होते. तो म्हणाला, "बघ, आज तू सुरात आहेस." लग्नापासून हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या तीन दिवसांत त्या करवंटीने माझी चूक दाखवली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन जरा ओरडलं की मी घाबरून एकोणीसशेलाच गिअर बदलत होते. दुसऱ्यात पडल्यावर काटा अकराशेवर यायचा, आणि चढावर तेराशेच्या खाली आमची पिकअप जीव सोडते. म्हणजे बदलायचा सव्वीसशेला, मग दुसऱ्यात ती पंधराशेवर उभी राहते. आवाज मोठा झाला की काहीतरी बिघडतंय, असं मी धरून चालले होते. सव्वीसशेपर्यंत तिला ओरडू द्यायचं असतं. तो ओरडा ऐकत पाय दाबून ठेवायला मला धीर लागला, पण समोर आकडा होता आणि आकड्यावर माझा विश्वास आहे.

रविवारी लांज्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि सड्यावरच थांबला. खाली उतरलो तर वर येताना गाडी तापेल, म्हणाला. नवरा काठी घेऊन सकाळीच निघाला होता आणि रस्त्यावरच्या दगडावर जाऊन बसला होता. मी मागे कलमांच्या पिशव्या भरून घेतल्या, फळी लावली आणि एकटी गाडीत बसले. पहिला गिअर. घाटीचा पहिला टप्पा. वळण आलं, चढ सैल झाला. दोन हजार, बावीसशे, चोवीसशे. इंजिन ओरडायला लागलं, मी दात खाऊन थांबले. सव्वीसशे. क्लच, दुसरा, क्लच सोडला. काटा पंधराशेवर आला आणि तिथेच टिकला. मी एकटीच मोठ्याने "शाब्बास" म्हटलं, गाडीला की मला ते ठाऊक नाही.

वर पोचले तेव्हा नवरा उठून उभा होता. लांज्याच्या माणसाने गाडीभोवती फेरी मारली, टायर पाहिले, करवंटीकडे बघून हसला आणि विचारलं, "देणार कितीला?"

"द्यायची नाही," नवरा म्हणाला. "गाडी चालवणारं माणूस मिळालं."

"मंग मला बोलावलात कशाला?"

"बघायला कुणीतरी हवं होतं."

तो माणूस भला. हसत हसत किक मारून गेला. मी इंजिन बंद केलं नव्हतं, बंद केलं तर परत चालू होईल की नाही अशी धास्ती होती. नवरा बॉनेटला हात लावून उभा होता. एक नजर लांज्याच्या दिशेने टाकली, एक रत्नागिरीच्या. मग माझ्या खिडकीपाशी आला. ही गाडी त्याने घेतली होती, अठरा वर्षं चालवली होती. थांब्यावरचा अनोळखी माणूस विचारतो तसं त्याने थोडं संकोचून विचारलं,

"कुठपर्यंत चाललीस? मला नेशील?"

मी पलीकडे वाकले आणि त्याच्या बाजूचं दार आतून उघडलं.