माशाला लिंब कुणी घातला

लेकीचा मासा माझ्या बायकोनं मारला, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे मानतात. बायकोही तसंच मानत गेली. मासा तिनं मारला नव्हता, मी मारला. कसा, ते सरळ लिहून ठेवतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमची एकुलती एक लेक सासरहून आली ती परत गेली नाही. का, ते लिहिणं माझं काम नाही. जालन्यातल्या आमच्या घरातली पुढची खोली तिला दिली. पहिले काही महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बायको ताट आत ठेवायची आणि निम्मं तसंच बाहेर आणायची. मी शेतकी खात्यात नोकरीला होतो, अंबड तालुक्यातली गावं माझ्याकडे होती. सकाळी निघायचो, संध्याकाळी यायचो. तिच्या खोलीत काय बोलायचं हे मला कळत नसे, म्हणून मी जात नसे.

एकदा बायकोचा धाकटा भाऊ लेकीला औरंगाबादला दवाखान्यात घेऊन गेला. येताना मामा-भाचीनं जीपच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून माशांची काचेची टाकी आणली. तिला करमावं म्हणून मामानंच घेऊन दिली होती. चार सोनेरी मासे आणि एक सकर. सकर काच साफ ठेवतो, शेवाळ खातो, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

या सकरानं काचेला तोंड लावलं नाही. काळा, बोटाएवढा, अंगावर पांढरट आडवे पट्टे. दगडाच्या आड बसून राहायचा. त्याचं पोट आत जायला लागलं. लेक उठली, चप्पल घातली आणि चौकातल्या फोनवर गेली. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली होती. परत आली तेव्हा हसत होती.

"अप्पा, हा चुकून आलाय आपल्याकडं. दुकानदार म्हणतो, अरे बहन, वो तो लकडा खाता है."

"लाकूड?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मासा हाय का वाळवी?"

"मासाच हाय माय."

"मंग पाट उचलून ठेवते. बसायला न्हाई राहायचा."

त्या दिवशी लेक पोटभर जेवली, असं बायकोनं मला रात्री सांगितलं.

त्या माशाला जपायचं म्हणजे आधी लाकूड शोधायचं. ओलं, चिकाचं लाकूड चालत नाही. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं, रस निघून गेलेलं टणक लाकूड लागतं. दुधनेच्या पात्रात पुरानं आणून टाकलेलं एक काळं मूळ मी फिरतीवरून येताना मोटारसायकलला बांधून आणलं. लेकीनं ते आंघोळीच्या पातेल्यात परत परत उकळलं. मग बादलीत बुडवून ठेवलं, रोज पाणी बदललं. पाण्याला चहाचा रंग यायचा थांबला आणि मूळ आपोआप तळाशी बसायला लागलं, तेव्हाच ते टाकीत गेलं. माशानं त्याच संध्याकाळी त्याला तोंड लावलं. घर शांत असलं की किरकिर ऐकू यायची.

नुसत्या लाकडावर तो जगत नाही, हेही तिनं शोधून काढलं. काकडीची, दोडक्याची चकती वाफवून दगडाला बांधून सोडायची. लाकूड खाणाऱ्याची विष्ठाही भुशासारखी आणि ढीगभर. ती रबरी नळीनं ओढून काढायची, नाहीतर पाणी खराब होतं. आमच्याकडे नळ आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. आलेलं पाणी लगेच टाकीत घालायचं नाही, औषधाचा वास जाईपर्यंत पिंपात ठेवायचं. लाइट गेली की हवेची मोटर बंद पडायची, मग तांब्यानं टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत बसायचं. लेक हे सगळं करायची. पाण्यासाठी टँकरवाल्याशी भांडायची. शेजारणी मासा बघायला यायच्या, त्यांच्याशी बोलायची. आम्हा दोघांच्या लेखी तो मासा काय होता, हे यावरून कळावं.

पुढच्या थंडीत कोर्टाची तारीख लागली. कोर्ट तिच्या सासरच्या जिल्ह्यात होतं. मामाच्या घरी मुक्काम करून, त्यालाच सोबत घेऊन तिला जायचं होतं. निघताना तिनं आईला सगळं समजावलं. मला नाही.

"पाणी बदलू नको. लाकूड हलवू नको. बादलीत दुसरं भिजत घातलंय, ते अजून तयार न्हाई, त्याला हात लावू नको. लाइट गेली तर तांब्या."

"लेकरू सांभाळलंय मी, तुझा मासा न्हाई का सांभाळायची? जा तू बिनघोर."

बायकोनं सांभाळलं. लाइट गेली की स्टूल घेऊन टाकीपाशी बसायची. पण थंडी वाढली आणि लाइट तासन्‌तास जायला लागली. पाणी गार पडायचं. एका सकाळी तिनं मला हाक मारली.

"अवं, हिकडं या. ह्याच्या अंगावर बघा."

माशाच्या शेपटीवर आणि परांवर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे दाणे दिसत होते.

"बाया आल्यात ह्याला," ती म्हणाली. आमच्याकडे गोवर-कांजण्यांना बाया म्हणतात.

"माशाला कुठं बाया येतात?"

"अंगावर दाणे आले म्हंजे आल्या. तुमाला काय कळतंय."

ती निम्मी थट्टेत होती, निम्मी नव्हती. त्या दिवशी तिनं फोडणी दिली नाही, बाया आलेल्या घरात देत नाहीत तशी. फिकं वरण आणि भात. अंगणातल्या कडुलिंबाचा एक डहाळा आणून तिनं टाकीच्या वरच्या खिळ्याला बांधला, लेकराला बाया आल्यावर दाराला बांधतात तसा. पाण्यात नाही, भिंतीवर. मी म्हणालो, "आता हळदकुंकू पण वाहा." ती म्हणाली, "वाहते की. तुमी फक्त मोठ्यानं बोलू नका, बायांना चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती हसनाबादला नात्यातल्या तेराव्याला गेली. मी घरी एकटा होतो. अंगणात भिंतीच्या कडेला लाइनमननं तारांखालून तोडलेली लिंबाची फांदी पडली होती, अजून ओली. मी नोकरीत शेतकऱ्यांना निंबोळीच्या अर्काची फवारणी शिकवत असे. किडीला मारतो, माणसाला, गुराला काही करत नाही, हे माझं पाठ वाक्य होतं. मला वाटलं, बायको डहाळा बांधते ती अडाणी समजूत, पण लिंबात औषध आहे ते खरं. हा मासा लाकूडच खातो. लिंबाचं लाकूड दिलं तर औषध पोटातून जाईल. त्या वेळी हा विचार मला चांगला वाटला होता.

मी मनगटाएवढा तुकडा तोडला. साल तशीच ठेवली, कारण औषध सालीत जास्त. वरून एकदा गरम पाणी ओतलं. तो तरंगत होता म्हणून दगड बांधून बुडवला. थोड्या वेळानं मासा दुधनेचं मूळ सोडून त्याच्यावर आला आणि खरवडायला लागला. मी तिथं उभा राहून ते बघितलं. मग नोकरीवर गेलो.

दुपारी आलो तेव्हा पाणी हिरवट पिवळं झालं होतं. मासा उलटा पडला होता. दोन सोनेरी मेले होते, दोन वर येऊन तोंड उघडमीट करत होते. तेव्हाच मला एक गोष्ट आठवली. हीच फवारणी शिकवताना मी शेतकऱ्यांना सांगायचो, पंप ओढ्यात धुऊ नका, मासे मरतात. नेहमी सांगायचो.

तुकडा बाहेर काढला आणि बंबाच्या जाळात घातला. पिंपातलं पाणी घेऊन टाकीतलं निम्मं पाणी बदललं. हात धुतले. हातांना कडू वास होता.

दिवेलागणीला बायको आली. टाकीपाशी गेली आणि तिथंच बसली. पाण्यावर लिंबाची दोन पानं तरंगत होती. ती माझ्या तुकड्याची होती की तिच्या डहाळ्याची, मला माहीत नाही.

"माझ्या लिंबाची पानं पडली आत," ती म्हणाली. "कडू लागलं त्याला."

हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी कपडे बदलायला आत गेलो.

लेक आणि मामा आले तेव्हा बायकोनं दारातच सांगून टाकलं. "माझ्याकून झालं माय. त्याला बाया आल्या म्हणून वर लिंब बांधला, पानं पडली पाण्यात."

लेकीनं टाकी बघितली. "तुला सांगून गेल्ते ना मी," एवढंच म्हणाली.

मामाला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "अक्के, बाया आल्या व्हय माशाला? मंग उतरल्यावर लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची सोडून तू आधीच घातलीस?"

लेकीला हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं, पण मामाला वाटलं, बरं झालं, हसली. त्यानं ती गोष्ट धरून ठेवली. पुढं प्रत्येक लग्नकार्यात सांगितली. नंतर लेकही सांगायला लागली. बायको पदर तोंडाला लावून सगळ्यांबरोबर हसायची. मी तिथंच बसलेला असे.

लेकीला औरंगाबादच्या एका शाळेत नोकरी लागली. तिनं तिकडं खोली केली, पुन्हा टाकी घेतली, पुन्हा तसाच पट्ट्यांचा मासा मिळवला. तो बरीच वर्षं जगला. आम्ही गेलो की बायको टाकीपासून दोन हात लांब उभी राहायची, हात मागे बांधून. लेक म्हणायची, "ये ना माय जवळ." ती म्हणायची, "नको, मी हितूनच बघते." त्या घरात ती भांडं घासायच्या आधीसुद्धा विचारायची, "हे केलं तर चालतं का गं?" तिनं स्वतःच्या घरी असं कधी विचारलं नव्हतं.

बायको दुखण्यानं गेली. तेराव्याला माणसं जेवायला बसली असताना मामानं पुन्हा ती गोष्ट सांगितली, डोळे पुसत पुसत, अक्का किती भोळी होती म्हणून. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी वाढत होतो. वाढत राहिलो.

त्यालाही आता वर्षं झाली. मागच्या महिन्यात लेक आली होती. ती वाटाणे सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. फांदी, दगड, बंब. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"मायला म्हाईत होतं?"

"न्हाई."

"कधीच न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"मंग मला कामून सांगून राह्यले आता?"

तिनं वाटाणे संपवले, सालं गोळा केली.

"मी आख्ख्या शाळेला सांगितलंय ते," ती म्हणाली. "हसवायला. मायच्या देखत." मग थोड्या वेळानं, "मामाला सांगा. मावशीला सांगा. ज्याला ज्याला ती गोष्ट म्हाईत हाय, त्याला तुमीच सांगायचं. मी सांगणार न्हाई."

ती गेल्यावर मी मामाला फोन लावला. म्हणालो, "त्या माशाचं सांगायचं होतं." तो तिकडं हसायलाच लागला. "अक्काचा मासा व्हय दाजी? बाया आलेला?" त्याचं हसणं संपेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं.

"जाऊ द्या दाजी," तो म्हणाला. "मासाच व्हता."

"अक्कानं न्हाई मारला, एवढं ध्यानात ठेव."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पाणी प्यालो आणि मेहुणीचा नंबर लावला.