नावांपुढचे कंस

माझ्या हातून घडलेला एक गाढवपणा सांगतो. ऐकलात की संगणकातलं काही विचारायला माझ्याकडे पुन्हा येणार नाही तुम्ही.

मी गुंजवण्याचा. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण काम घरूनच, राजगडाकडच्या खिडकीत बसून. गेल्या श्रावणात शिवऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगी भोरच्या कॉलेजात शिकवते, एवढंच आमचे वडील, म्हणजे दादा म्हणाले आणि त्यांनी फोटो दाखवला. झालं. तेव्हापासून गडावरून ढग उतरायचे, भातखाचरांत विरघळायचे, आणि मी कीबोर्डवर बोटं ठेवून नुसता बघत बसायचो.

रविवारी बघायला जायचं होतं. दोन्हीकडच्या नातेवाइकांना निरोप द्यायचं काम दादांनी माझ्यावर टाकलं. सरळ फोन करावेत की नाही? पण मी पडलो प्रोग्रामर. पायथनमध्ये चार फंक्शन लिहिली. ज्याला हाक मारू, ते आपला निरोप सगळ्यांना धाडणार: 'रविवारी येतोय', 'मुलगी पसंत आहे', 'क्षमस्व, योग नाही', 'सुपारी फोडायला या'. चौघांची यादी करून ठेवायची आणि वेळ येईल तसं एकेकाला बोलवायचं, असा बेत.

आता यादीत नुसती नावं लिहायची असतात. नावापुढं कंस दिला की ती हाकच झाली, काम तिथल्या तिथं सुरू. हे मला माहीत होतं हो. पण समोर ढग होते, ढगांत ती होती. चारी नावांपुढं कंस देऊन मी बटण दाबलं.

पाच मिनिटांत आत्याचा फोन, मुलीत खोट काय निघाली म्हणून. मग मामा विचारायला लागले, सुपारीला टेम्पो किती वाजता निघणार. मला कळेना, हे यांना सांगितलं कुणी. तेवढ्यात दादा चिखलाच्या पायांनी खाचरातून आले आणि त्यांनी आपला मोबाईल माझ्या कानाला लावला. पलीकडं मुलीचे वडील. आवाज अगदी शांत.

"पाव्हणं, तुमी येणार हाय, पोरगी पसंत हाय, योग न्हाई, आन सुपारीबी हाय. आमी पुरण घालावं का न्हाई, तेवढं सांगा."

न बघताच पोरीला नाकारलं, अशी गावभर बोलवा झाली असती. दादांनी तसंच मला गाडीवर बसवलं.

शिवऱ्यात मी हात जोडून माफी मागितली. फंक्शन म्हणजे काय, हेही सांगायला लागलो. घरातले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तेवढ्यात मुलगीच भोरहून आली, हातात हेल्मेट. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"यादीत नावांपुढं कंस दिले होते का?"

मी मान हलवली.

ती वडिलांकडं वळली. "आबा, यांना नुसती नावं लिहायची होती. यांनी लिहितानाच चौघांना हाका मारल्या. मी हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते."

आबा पोट धरून हसले. मग हळूच त्यांनी विचारलं, तुझं काय म्हणणं?

"चालेल," ती म्हणाली. "पण घरातल्या कॉम्प्युटरला हात मी लावणार."

गेली नऊ वर्षं मी त्याचाच पगार घेतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर दादांनी माझ्या वतीनं आधीच होकार देऊन टाकला होता.