डावी बाजू वर

त्या संध्याकाळी माझी सतरा वर्षांची मुलगी मृताच्या पोशाखात भरल्या सभागृहात चालत आली आणि मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या, हे माझ्या बाजूने सांगता येईल. पण बाकीच्यांनी त्याआधी दहा मिनिटं त्याच विषयावर भाषण केलं नव्हतं. ते मी केलं होतं.

मी कुवेतमध्ये, जहरा गावातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे आणि बायको एका इस्पितळात नर्स. मुलगी इथेच जन्मली. मराठीत विचारलेल्याला ती इंग्रजीत उत्तर देते. तीन वर्षांपूर्वी तिला जपानी शिकायचं वेड लागलं, तेव्हा ओळखीतून शहरात दस्मान भागात राहणाऱ्या एक जपानी बाई मिळाल्या. त्यांचे यजमान वीज प्रकल्पावर इंजिनियर. दर शनिवारी दुपारी मुलगी त्यांच्याकडे जायची. जाताना बायको कोथिंबीर वडीचा डबा द्यायची आणि येताना त्यात काहीतरी भरलेलं असायचं. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांच्यातही आहे, हे कळल्यावर बायकोने जपानबद्दलचं आपलं मत कायमचं ठरवून टाकलं.

कोरोनामुळे विमानसेवा बंद होती त्या महिन्यांत बाईंची आई तिकडे वारली. त्यांना जाता आलं नाही. पुढे धाकट्या बहिणीने आईचा एक किमोनो पार्सलने पाठवला: निळा, सुती, आईने स्वतः शिवलेला. तो त्यांनी पातळ कागदातून बाहेरही काढला नव्हता.

मग आमच्या मराठी मंडळाने आशियातल्या संस्कृतींचा कार्यक्रम ठरवला आणि जपान आमच्या घराच्या वाट्याला आला. भाषण मी करायचं आणि मुलीने किमोनो घालून जपानीत चार ओळी म्हणायच्या. हे कळल्यावर बाई स्वतः तो किमोनो घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी मुलीला दिला आणि म्हणाल्या, "लहान असताना मी आईच्या मागून चालायचे. हा मला मागूनच आठवतो. एकदा पुन्हा चालताना बघायचा आहे."

एवढंच मागणं होतं. नेसवायला मी येऊ का, असंही त्यांनी विचारलं. बायको म्हणाली की तुम्ही पाहुण्या, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. पंचवीस वर्षं साडी नेसते आहे मी, एवढं जमेल. बाईंनी मान लववली आणि आग्रह केला नाही. आग्रह करणं म्हणजे यजमानिणीवर शंका घेणं. दोन सभ्य बायकांनी एकमेकींचा मान राखला आणि मधल्यामध्ये माझी मुलगी सापडली.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. एका समईला पाच मान्यवर लागले, कारण वाती पाच होत्या. अध्यक्षांनी स्वागत केलं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. त्यानंतर मी उभा राहिलो, बाईंना कळावं म्हणून इंग्रजीत बोलायला. मी बरंच वाचून आलो होतो. किमोनोची कुठली बाजू वर घ्यायची याचा हुकूम तिथल्या दरबाराने तेराशे वर्षांपूर्वी काढला, हे मी सांगितलं. डावी बाजू नेहमी उजवीच्या वर, पुरुष असो की बाई. उजवी वर फक्त मृताला नेसवताना. लोक जांभया देत होते. माझी नजर मात्र कागदावरच होती.

मग मुलगी आली. निळा किमोनो, लहान लहान पावलं. सभागृह खूश झालं. पहिल्या रांगेत बाईंनी टाळीसाठी हात उचललेले मला दिसले. ते तिथेच थांबले. मग त्या उठल्या आणि बाजूच्या दाराने बाहेर गेल्या.

मला वाटलं, गहिवरल्या. खरं सांगायचं तर त्यात माझ्या भाषणाचाही हात असावा, असं वाटलं. त्यांचे आभार स्वीकारावेत म्हणून मुलीच्या चार ओळी संपताच मीही त्याच दाराने गेलो.

स्टेजच्या मागे एक लांब बोळ होता. भिंतीला खुर्च्यांची चळत आणि टेबलावर पाहुण्यांना द्यायचे नारळ. मुलगी चार ओळी म्हणून तिकडूनच उतरली होती. बाई तिच्यापुढे उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"तुम्ही भाषणात सांगितलं, ते बरोबर होतं," त्या मला म्हणाल्या.

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. मी मुलीकडे पाहिलं, म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. उजवी बाजू वर होती.

बायको धावत आली, तिला मी दोन शब्दांत सांगितलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या कुशीपासून डाव्या खांद्याकडे गेला. "अहो, पदर असाच येतो ना," ती म्हणाली. पंचवीस वर्षांची सवय होती, दुसरं काही नाही. वॉर्डात वारलेल्या माणसांना शेवटचं आवरून देणारी ही नर्स. तिला असं भिंतीला टेकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई किमोनोकडे बघत सावकाश बोलल्या. "बहिणीने आईला असंच नेसवलं असणार. मी तिथे नव्हते. मला ते दिसलं नव्हतं. आज दिसलं."

यावर काय बोलतात ते मी कुठे वाचलेलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, आमच्यातही असं आहे: जानवं एरवी डाव्या खांद्यावर, श्राद्धात पितरांसाठी उजव्या. सांगताना हाताने दाखवायला गेलो आणि हात अर्ध्यावर थांबला. मी एरवी जानवं घालत नाही. वडिलांचं श्राद्ध मी इथूनच केलं होतं, फोनवर. गुरुजी समोर स्क्रीनवर, आणि आरशात बघावं तसं मी त्यांचं बघून करत गेलो होतो. त्यांचा उजवा खांदा माझ्या डाव्या बाजूला. म्हणजे वडिलांना मी देव समजून वाढलं आणि देवांना पितर समजून. गुरुजींना दिसलं नसेल, किंवा त्यांनीही माझा मान राखला असेल. हे मी बाईंना सांगून टाकलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की आज आणखी काही राहिलंय का.

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही दूर होतात," एवढंच म्हणाल्या.

बायकोने कंबरपट्टा सोडायला हात पुढे केला. मुलगी म्हणाली, "आई, तू थांब. त्यांना करू दे." मराठीत म्हणाली. माझ्या हे नंतर लक्षात आलं.

बाईंनी पट्टा सोडला. आतल्या कपड्यांवरून किमोनो उघडला, उजवी बाजू आत घेतली, डावी वर आणली, आणि तळव्याने गळ्यापासून खालपर्यंत एकदा दाबून सारखी केली. घडी सरळ आली. पलीकडे अध्यक्ष आभार मानत होते आणि राई भागातून स्पीकर आणणाऱ्यापर्यंत पोचले होते.

मग त्या मुलीला जपानीत काही म्हणाल्या. मुलगी आमच्याकडे पाठ करून बोळातून चालायला लागली, चळतीच्या खुर्च्या, नारळ, आग विझवायचं लाल नळकांडं, तिथपर्यंत. मागून बघताना कुठली बाजू वर आहे हे कळत नाही. आम्हा चौघांना ठाऊक होतं. बाई थोडं अंतर ठेवून तिच्या मागून चालत होत्या, लहान पावलांनी.

टोकाला पोचल्यावर मुलगी वळणार, तेवढ्यात त्या हलकेच काहीतरी म्हणाल्या. मुलगी न वळता थांबली. मग मागे न बघता तिने आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतायत, इतक्यात वळू नकोस."

माइकवरून माझं नाव पुकारत होते, मला शाल द्यायला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा बायकोने बोळाचं दार लावून घेतलं.