आतोबांचा बर्फ

अख्ख्या मराठवाड्यात पाण्यावरून आमच्या आतोबांइतकं कुणी भांडलं असेल असं मला वाटत नाही, आणि यात धरणांवरून भांडणारे पुढारी मी धरलेलेच आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी कोर्टात शिरस्तेदार म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर मुकुंदवाडीत आमच्या घरासमोरच घर बांधलं आणि कोर्ट गल्लीत भरवायला सुरुवात केली. दिवसही तसलेच होते. मागच्या ज्वारीच्या शेतांत अपार्टमेंट उठत होत्या. इमारती जेवढ्या वर जायच्या, तेवढं बोअरचं पाणी खाली जायचं. नळ आला तर सण, नाहीतर सगळ्यांनी मिळून खाजगी टँकर मागवायचा. अशात कुणाच्या दारापुढं नुसतं ओलं दिसलं, की आतोबा बनियनवर बाहेर! “कुणाचं आहे हे? कबूल करा!” गल्लीतले प्राध्यापक एकदा पहाटे चोरून कार धूत होते, तर हे मागं जाऊन उभे. “काय प्रोफेसर, गाडीला ताप आलाय का? अंग पुसून घेताय म्हणून विचारलं.” प्राध्यापकांनी ती बादली तशीच उचलून मोगऱ्याला घातली. पुढं कित्येक महिने त्यांची कार ओळखू येत नव्हती.

घरात पाहुणा आला की पाणी पुढं करताना विचारायचे, “पिणार ना? का नुसतं ओठाला लावणार?” माझ्या बहिणीच्या लग्नात पंगत उठल्यावर हे गृहस्थ कोट-टोपीनिशी बादली घेऊन फिरले आणि पेल्यांतलं उरलेलं पाणी गोळा केलं, झाडांना घालायला म्हणून. वरपक्ष बघतच राहिला. आत्या मला म्हणाली, “धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल रे बाबा.” टँकर आला की ड्रायव्हरच्या आधी हे शिडी चढून वर. झाकण उघडून आत बॅटरी मारायचे आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली नसली की उलटतपासणी सुरू. ड्रायव्हर बिचारा गरीब. “काका, रस्त्यानं हिंदकळतं ना,” एवढंच म्हणायचा.

अशा माणसाला बर्फाचं वेड असावं! काश्मीरला जायचं त्यांचं जन्माचं राहून गेलं होतं. त्यातच पाचोडच्या वाटेवर, गाडीनं तासाभरावर, कुणीतरी बर्फाचं पार्क काढलं. आतोबांची नात चिऊ मागं लागली असं ते सांगत. खरं म्हणजे तेच चिऊच्या मागं लागले होते. ऐन मे महिन्यात मी दोघांना घेऊन निघालो. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आतोबांच्या मांडीवर स्वेटर, मफलर, माकडटोपी.

भलीमोठी शेड, आत बर्फाची टेकडी. वर जायला दोर आणि खाली यायला देव! तिथं मिळालेल्या कोटावरून आतोबांनी स्वतःचा स्वेटर चढवला, धोतर गमबुटात खोचलं आणि पायाला त्या बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या बांधून घेतल्या. शिकवणारा म्हणाला, “अंकल, घुटने मोडो.” हे म्हणाले, “अरे बाबा, ते कधीचेच मोडलेत!” आणि निघाले की हो! थोडं उभ्यानं, बाकी सगळं बसून, “हटोऽ, हटोऽ” करत. खाली दोन कॉलेजच्या पोरी आडव्या झाल्या. सगळी शेड हसत होती. मी शरमेनं एका खांबामागं गेलो, तर पोरींच्या ढिगाऱ्यातून हाक आली, “अरे, बघितलंस का? माझा भाचा आहे हो तो!” चिऊ गारठून रडायला लागली, तरी हे “फक्त एकदा” म्हणून पुन्हा रांगेत. मूठभर बर्फ गालाला लावून डोळे मिटून उभे राहिलेले आतोबा मी तिथं पाहिले. इतका सुखी माणूस मी आमच्या गल्लीत तरी पाहिलेला नाही.

बाहेर आलो. गाडी शेडच्या मागं लावली होती, तिथं एक टँकर उभा होता. जाडजूड पाइप शेडमध्ये गेलेला, आणि पाइपाशी आमच्याच गल्लीत येणारा ड्रायव्हर. बर्फ पाण्याचा होतो हे चिऊलाही ठाऊक होतं. पण काश्मिराशी जन्मभर मनात संसार केलेल्या आतोबांना तो इथं कशाचा करतात, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

ड्रायव्हर खुश झाला. “काका, तुमी पन? लई गार हाय ना आत?”

“काल आमच्याकडं का नाही आलास?” आतोबांनी हळूच विचारलं.

“कालची तुमची खेप हितंच वतली काका. मालक म्हनले, आधी बर्फाचं, मग गल्लीचं.” आणि मग सवयीनं बाजूला सरकून म्हणाला, “चढता का वर? बघून घ्या, फुल हाय.”

आतोबा चढले नाहीत. माकडटोपी काढून हातात घेतली आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं आता मालकाचा उद्धार सुरू होईल. पण दारात उतरताना एवढंच म्हणाले, “आत्याला सांगू नकोस. ती काल शेजारून कळशी मागून आणत होती.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतलं कोर्ट उठलं. टँकर यायचा, आतोबा मुकाट्यानं आपली बादली भरायचे. प्राध्यापकांची कार चकचकू लागली. मी म्हटलं, “आतोबा, बोला की त्यांना!” तर म्हणाले, “कोणत्या तोंडानं बोलू? ते गाडी धुतात. मी तर त्यात लोळून आलो रे.”

मी पुष्कळ समजावलं. एका म्हाताऱ्यानं घटकाभर हौस केली म्हणून काय झालं? पण कोर्टातला माणूस. स्वतःला निर्दोष सोडायला तयार नाही. शेवटी न राहवून मी एक दिवस वेडेपणा केला. नळाला पाणी आलं, तेव्हा आमच्या अंगणातली चावी उघडी टाकली आणि खिडकीआड उभा राहिलो. पाणी फाटकाबाहेर, रस्त्यावर गेलं. आतोबा आले. आता हाक येईल, गल्ली गोळा होईल, मला भर चौकात कबूल करायला लावतील, म्हणून मी अक्षरशः कान टवकारून राहिलो.

त्यांनी वाकून चावी बंद केली. मी बाहेर आलो तसे म्हणाले, “असू दे, राहते एखाद्या वेळेस,” आणि खाली मान घालून समोर निघून गेले. मी तिथंच ओल्यात उभा राहिलो. इतकं गोड बोलताना आतोबांना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला रडूच आलं.