तीन सामन्यांचा मॅनेजर

इंग्लंडमधल्या फुटबॉल मॅनेजरांच्या कुठल्याही यादीत माझं नाव सापडणार नाही, पण मी त्यांतला एक होतो. एकूण तीन सामने.

मुळात मी भूलतज्ज्ञ. वॉटफर्डला राहतो आणि हॉस्पिटलात माणसांना झोपवतो. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की आमची अकरा वर्षांची रेवा इथल्या मुलींच्या संघात खेळायची आणि रविवारी सकाळी मी मैदानाच्या कडेला कुडकुडत चहा प्यायचो. जुना मॅनेजर गाव सोडून गेला, तेव्हा क्लबच्या सेक्रेटरी लिंडाबाईंनी पालकांना विचारलं, कोणी पुढे येईल का? सगळे इंग्रज आईबाप एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागले. मला ही पद्धत ठाऊक नव्हती. मी वर पाहिलं.

रेवा हरखून गेली. तिचा संघ वर्षभरात एकदाही जिंकला नव्हता. (एकदा बरोबरी झाली होती, पण तेव्हा धुक्यामुळे मॅच दहाव्या मिनिटाला थांबवली होती.)

"बाबा, फक्त एक मॅच जिंकू या. एकच," ती म्हणाली. मी शब्द दिला. बापाला शब्द द्यायला काय लागतं!

पहिला सामना आम्ही सात-शून्य हरलो. कोणाचं मन दुखावू नये म्हणून मी दर पाच मिनिटांनी गोलकीपर बदलत होतो. दुसरा सामना पाच-शून्य. ही दोन गोलांची प्रगती आहे असं मी गाडीत रेवाला समजावून सांगितलं, पण ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या सामन्याला सासूबाई आल्या. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि जावई रविवारी नेमकं काय करतो ते त्यांना बघायचं होतं. आणि काय सांगू, हाफटाइमला आम्ही तीन-शून्यने पुढे! त्यातला एक गोल रेवाचा. मी आनंदाने इतका वेडा झालो की रेफ्रीलाच मिठी मारली.

इथे हाफटाइमला मुलींना संत्र्याच्या फोडी देतात. त्या दिवशी पाळी आमची होती, आणि संत्री घरी ओट्यावर राहिली होती. मी पिशव्या उलट्यापालट्या करत असताना सासूबाईंनी शांतपणे आपला स्टीलचा डबा उघडला. बेसनाचे लाडू, साजूक तुपातले, महिनाभर पुरतील एवढे. (कोणाला ॲलर्जी असायची, म्हणून नट्स नाहीत ना, हे मी दोनदा विचारलं. मॅनेजर म्हणून मी केलेलं हे एकमेव बरोबर काम.)

"आई, एकेकच द्या हं. अजून खेळायचंय त्यांना," मी म्हणालो.

पण एकदाच वाढायची त्यांच्याकडे रीत नाही, म्हणून दुसरा दिला. मुलींना लाडू इतका आवडला की त्यांनी तिसऱ्यासाठी आपणहून हात पुढे केले. तो दिल्यावर सासूबाई दचकल्या.

"अगंबाई, तीन झाले. तीन देत नाहीत हो, जावईबापू. अशुभ असतं."

मग चौथा. या वयाच्या संघात नऊच मुली असतात; नऊ मुली, छत्तीस लाडू. चारचौघांत सासूबाईंना अडवायची माझी छाती नव्हती. (घरीही नसते.) समोरच्या संघातल्या मुली आशेने बघत होत्या, पण डबा तळाला गेला होता. त्यांना अर्धा-अर्धाच मिळाला आणि सासूबाईंनी त्याबद्दल त्यांची मराठीतून माफी मागितली.

अर्ध्या लाडवाने माणूस धावतो. चार लाडवांनी माणूस बसतो. हे वैद्यकीय सत्य मला समोर दिसत होतं. आमची गोलकीपर खांबाला टेकून उभी होती, ती हळूहळू खाली घसरली. दोघी बचाव करायचं सोडून गवतावर आडव्या झाल्या. रेवा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली.

"बाबा, माझा पोट खूप जड झाला. मी नाही धावू शकते."

आम्ही चार-तीन हरलो. एकही सुई न टोचता मी नऊ जणींना एकदम भूल दिली होती.

दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून गाडीत मी रेवाची माफी मागितली. ती खुदकन हसली.

"पण पहिला हाफ आपण जिंकला ना, बाबा? आणि आजीची लाडू बेस्ट होती."

मंगळवारी लिंडाबाईंची ईमेल आली. चार परिच्छेद नुसते माझे आभार, आणि पाचव्यात नवीन मॅनेजरचं नाव. खाली एक विनंती होती: सासूबाईंनी दर रविवारी यावं, मात्र डबा सामना संपल्यावर उघडावा. त्यांच्यासाठी क्लबचं जॅकेटही मागवलं होतं. मला कधी साधी शिट्टीसुद्धा मिळाली नव्हती!

मी ती ईमेल सासूबाईंना मराठीत वाचून दाखवली. जॅकेटचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हणजे तुम्हाला तीनच सामने दिले? असं कसं? तीन देत नाहीत."

पुढच्या रविवारी जॅकेट घालून त्या स्वतः लिंडाबाईंकडे गेल्या आणि रेवाला दुभाषी करून त्यांनी मला चौथा सामना मिळवून दिला. तो आम्ही दोन-एकने जिंकलो. रेवा नाचत माझ्याकडे धावत आली, पण मला तिला उचलून घेता आलं नाही.

माझ्या दोन्ही हातांत लाडवांचा डबा होता. चौथ्या सामन्यात मला तेवढंच काम दिलं होतं.