विमा नसलेली गाडी आणि तीन महिन्यांची सोय

आमची गाडी वर्षातले अकरा महिने घरापुढच्या खळ्यात उभी असते आणि उरलेला महिना आमचे हे ती पुसत असतात. यांची नोकरी मुंबईला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, चार नातेवाइकांना देवळापर्यंत फिरवून आणतात आणि परत निघताना मला बजावतात, "गाडीला हात लावू नकोस." एरवी गाडीखाली कोंबड्या राहतात. त्यांना कुणी काही बजावत नाही.

पन्नाशी उलटल्यावर मला गाडी शिकायची बुद्धी झाली. नवऱ्याला सांगितलं नाही, धाकट्या दिराला सांगितलं. भावोजी सरकारी कचेरीतून मुदतीआधीच निवृत्त झालेले. आपल्याला कायदा कळतो, असं त्यांचं ठाम मत आहे आणि ते खोडून काढायला आमच्या वाडीत कुणाला सवड नाही. "वहिनी, तुम्ही फक्त स्टेअरिंग धरा," ते म्हणाले, "बाकी मी बघतो."

शिकाऊ लायसन मी रीतसर काढलं. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत पास झाले. भावोजींनी गणपतीच्या मखरातून उरलेला लाल कागद कापून एल तयार केला आणि पुढे-मागे चिकटवला. आत बसलेल्याला त्या कागदाच्या मागच्या बाजूवर अर्धं 'मोरया' दिसायचं. माझं ड्रायव्हिंग बघता तेही योग्यच होतं.

"आणि विमा?" मी एकदा विचारलं होतं.

"दादा भरतो ना दर वर्षी. दादाचं काम चोख असतं."

मग विषयच संपला. दादाचं काम चोख असतं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

महिनाभर मी वरच्या माळावर, सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवली. तिथे आडवं यायला गुरांशिवाय कुणी नसतं. एका सकाळी भावोजींनी जाहीर केलं की आता माझी तयारी झाली, आपण मांडवीला, बंदरावर जाऊ. गेलो. जेट्टीकडे वळताना सायकलच्या मागे माशांचा क्रेट बांधलेला एक म्हातारा अचानक समोर आला. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं, एलकडे बघितलं, "सावकाश गो बाय," म्हणाला आणि निघून गेला. भावोजी म्हणाले, "बघा, ब्रेक किती छान लागतोय."

त्याच वळणाच्या पुढे पोलीस उभे होते.

एका तरुण पोलीस मॅडमनी हात केला. मी गाडी बाजूला घेतली. थांबवायला कुणी सांगितलं की मला गाडी उत्तम जमते. मॅडमनी माझं शिकाऊ लायसन बघितलं, भावोजींचं पक्कं लायसन बघितलं, सीटबेल्ट बघितले. हातातल्या मशीनवर नंबर घातला.

"काकू, सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त गाडीचा विमा संपलाय. दोन वर्षं झाली."

मी भावोजींकडे बघितलं. चोख काम करणाऱ्या दादाच्या वतीने बोलायची जबाबदारी आता त्यांच्यावर होती.

"मॅडम," ते घसा साफ करून म्हणाले, "वहिनी अजून शिकतायत. शिकाऊ माणसाला विम्याची सक्ती नसते."

"कुठे लिहिलंय असं?"

"तसा संकेत आहे."

"काका, विमा गाडीचा असतो. चालवणारा शिकाऊ असला काय आणि मुरलेला असला काय, दंड तोच."

इथे थांबायला हवं होतं. पण भावोजी थांबले तर ते भावोजी कसले! "मग काय, आमच्या वहिनींना तुरुंगात टाकणार?"

"कायद्यात आहे तसं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पहिल्यांदा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. पुन्हा सापडलं तर दंड दुप्पट."

भावोजींचा चेहरा उतरला. मी मात्र तीन महिन्यांचा विचार करत होते. तीन महिने कुणी चहा मागणार नाही. कुणाच्या पथ्याचं वेगळं शिजवायचं नाही. वेळेवर जेवण, आणि तेही दुसऱ्याने वाढलेलं. सरकारने शिक्षा म्हणून एवढी सोय केली असेल असं मला वाटलं नव्हतं.

मॅडमना बहुधा वाटलं की मी घाबरले. त्या खिडकीशी वाकल्या. "काकू, तुम्हाला कुणी आत टाकत नाही, चलनच होईल. पण मघाशी तो सायकलवाला आडवा आला ते मी बघितलं. त्याला लागलं असतं तर? विमा नाही म्हटल्यावर त्याच्या दवाखान्याचं, त्याच्या घरच्यांचं, सगळं तुमच्यावर आलं असतं. आणि तुमच्याकडून निघालं नसतं तर त्याचे हाल."

तेव्हा मात्र मी खरंच घाबरले. त्या म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. मी सीटबेल्ट काढला आणि गाडीतून उतरून रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले.

एवढ्यात फोन वाजला. चलनाचा मेसेज गाडीच्या मालकाला मुंबईत पोचला होता.

"अगो, गाडी चोरीला गेली की काय? मांडवीला चलन झालंय!"

"चोरीला नाही गेली. मी चालवत होते."

"कुठे ठोकलीस?"

"कुठे नाही. विमा कधी संपला हो?"

"हॅलो? आवाज तुटतोय तुझा."

"दोन वर्षं झाली म्हणतात."

"अगो, गाडी उभीच असते ना. उभ्या गाडीला कशाला विमा?"

"आणि गणपतीत मंदिरापर्यंत जाते ती काय उभ्या उभ्या जाते?"

आवाज खरंच तुटला. दंड मात्र त्यांनी संध्याकाळच्या आत भरला. चोख काम.

विमा होईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. भावोजींनी बोलावलेला एजंट तिथेच आला, नव्या विम्यासाठी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढू लागला. टपावरची कोंबड्यांची शीट फोटोत येऊ नये म्हणून भावोजी रुमालाने ती पुसत राहिले. जाणारे-येणारे सगळे ओळखीचे. प्रत्येकजण थांबून "काय झालं?" विचारी आणि भावोजी प्रत्येकाला "तांत्रिक बाब आहे" असं सांगत.

त्याच आठवड्यात शनिवारी हे आले. ना गणपती, ना शिमगा. मला वाटलं आता चाव्या काढून घेणार. यांनी नवी पॉलिसी तीनदा वाचली, घडी घालून गाडीत ठेवली आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

"चालव बघू."

मी चालवली. हे दर वळणाला पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. सड्यावर आल्यावर म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर शिकू दिलं असतंत?"

यांनी काच खाली केली आणि इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. मग म्हणाले, "तिसरा गिअर टाक आता. इंजिन रडतंय."

मी तिसरा टाकला.